क्वीन्सटाउनहून मिलफर्ड साउंड एका दिवसात: हॉस्टेलमधल्या मंडळींबरोबर, भाड्याच्या गाडीने

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचं क्वीन्सटाउन ते मिलफर्ड साउंड, म्हणजे उंच कड्यांच्या मधे शिरलेली समुद्राची खाडी, हवेतून मोजलं तर सत्तर-ऐंशी किलोमीटर असेल नसेल, पण मधले डोंगर असे आडवे आलेत की रस्ता आधी दक्षिणेला खाली उतरतो, टे आनाऊ गावाला वळसा घालतो आणि परत उत्तरेला चढतो, ते सगळं मिळून होतात २९० किलोमीटर. जायला चार तास, यायला चार तास, ते पण कुठेही न थांबता, आणि त्या रस्त्यावर न थांबता जाणारा माणूस मला तरी दिसला नाही. मधे दोन तासांची बोट. इंटरनेटवर वाचलं तर निम्मे लोक म्हणतात एका दिवसात अजिबात करू नका, निम्मे म्हणतात आयुष्यातला बेस्ट दिवस. मी फेब्रुवारी २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात करून आले, तेही ज्यांना भेटून दोन दिवस पण झाले नव्हते अशा माणसांबरोबर. जायच्या आधी मराठीत कुणी सविस्तर लिहिलंय का शोधत होते, फोटो भरपूर मिळाले, माहिती कमी, म्हणून हे लिहितेय.

आधी व्हिसाचं पटकन उरकते. भारतीय पासपोर्टला न्यूझीलंडचा व्हिजिटर व्हिसा लागतो, फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि व्हिसा ईमेलवर येतो, पासपोर्टवर काही चिकटवत नाहीत. मी १२ नोव्हेंबरला भरला, ५ डिसेंबरला आला. बँकेचे स्टेटमेंट, ऑफिसचं रजेचं पत्र, परतीचं तिकीट आणि ऑकलंडच्या मावसबहिणीचं आमंत्रणपत्र एवढं जोडलं होतं. एखादा कागद मराठीत असेल, म्हणजे सातबारा वगैरे, तर त्याचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, त्यामुळे उगाच गठ्ठा वाढवू नका. व्हिसा फीबरोबर पर्यटकांकडून जी लेव्ही घेतात ती ऑक्टोबर २०२४ पासून ३५ वरून १०० डॉलर झालीय (इथे डॉलर म्हणजे न्यूझीलंडचा, मी गेले तेव्हा पन्नास रुपयांच्या आसपास होता). अजून एक, तिकीट स्वस्त मिळतंय म्हणून सिडनी किंवा मेलबर्नवरून घेतलंत तर आपल्याला ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा वेगळा लागतो, मी सिंगापूरवरून गेले आणि ती कटकटच नको म्हटलं.

आणि खाऊ. विमानतळावर उतरताना जे डिक्लेरेशन भरतो त्यात खाण्याची प्रत्येक गोष्ट लिहायची, न लिहिता काही सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड आहे. बूट पण विचारतात, ट्रेकचे असतील तर माती धुवून न्या. आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट मी लिहून दाखवलं, तपासणाऱ्या बाईंनी उघडून बघितलं, वास घेतला आणि जा म्हणाल्या.

तर ऑकलंडला बहिणीकडे राहून मी एकटीच साउथ आयलंडला आले. बहिणीला आणि भावोजींना सुट्टी नव्हती. क्वीन्सटाउनला हॉटेलचे दर ऐकून हॉस्टेलमध्ये फक्त बायकांच्या डॉर्ममध्ये बेड घेतला. चाळिशीला टेकलेली बाई हॉस्टेलमध्ये काय करणार असं मला वाटत होतं, तसं काही नसतं हो, माझ्या खालच्या बेडवर साठीच्या एक आजी होत्या, आणि त्या सायकलवर देश फिरत होत्या.

मिलफर्डला जायचे तीन प्रकार. एक, कोच टूर, म्हणजे मोठ्या बसची सहल: सकाळी सातच्या आत उचलतात, रात्री आठ-साडेआठला सोडतात, बोट धरून माझ्या तारखांना २२० ते २६० डॉलर सांगत होते. डोक्याला ताप नाही, झोपत जा, झोपत या. दोन, छोटं विमान किंवा हेलिकॉप्टर: पाचशे डॉलरच्या पुढेच, शिवाय ढग आले की रद्द. तीन, स्वतःची गाडी. गाडी मला चालवता येते, पुणे-सातारा महिन्यातून दोनदा होतं, न्यूझीलंडमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंगही उजवीकडेच. आपल्या स्मार्टकार्ड लायसन्सवर सगळं इंग्रजीत असतं म्हणून वेगळं भाषांतर लागत नाही. पण आठ तास एकटीने, अनोळखी डोंगरात, म्हटलं नको. कोच बुक करायचं जवळपास ठरलंच होतं.

मग हॉस्टेलच्या किचनमध्ये मी बहिणीने बांधून दिलेले धपाटे तव्यावर गरम करत होते तर शेजारच्या गॅसवरून आवाज आला, इंडियन? ती केरळची, इन्व्हरकार्गिलच्या हॉस्पिटलात नर्स, सुट्टी जोडून दोन-तीन दिवस आलेली. इन्व्हरकार्गिल म्हणजे पार खालचं टोक, तिथे मल्याळी नर्सेस भरपूर आहेत असं तीच म्हणाली. तिला न्यूझीलंडचं लायसन्स. तिच्या डॉर्ममधली एक ब्राझीलची मुलगी, वर्किंग हॉलिडे व्हिसावर (फिरता फिरता काम करता येतं तो) आलेली, सकाळी हॉटेलात खोल्या साफ करायची आणि दुपारी मोकळी. आणि एक जर्मन पोरगा, एकोणीस वर्षांचा, शाळा संपवून वर्षभर फिरायला बाहेर पडलेला, किचनमध्ये रोज नुसता पास्ता खायचा. त्याने धपाट्याकडे असं काही बघितलं की त्याला एक दिलाच. बोलता बोलता कळलं की चौघांनाही मिलफर्डला जायचंय आणि चौघांनीही कोचचे पैसे अजून भरलेले नाहीत.

आता इथे मी जरा थांबते, कारण पुढचं सगळं सुरळीत झालं ते त्या रात्री किचनच्या टेबलावर तासभर बसून बोललो म्हणून, असं माझं मत आहे. आपल्याकडे ओळखी झाल्या की पैशाचं बोलायला संकोच वाटतो, बघू नंतर, होईल काय ते. नर्सताईला संकोच वगैरे काही नाही. तिने कागद घेतला आणि एकेक प्रश्न विचारत गेली. गाडी कुणाच्या नावावर? चालवणार कोण? पोराकडे लायसन्स होतं, पण बहुतेक कंपन्या एकविसाच्या आतल्याला गाडीच देत नाहीत आणि पंचविसाच्या आतल्याला जास्तीचे पैसे लावतात. ब्राझीलवालीचं लायसन्स पोर्तुगीजमध्ये, तिने भाषांतर करून घेतलेलं नव्हतं. म्हणजे आम्ही दोघीच. मग, ओरखडा पडला तर कोण भरणार? हा खरा प्रश्न. भाड्याच्या गाडीला इन्शुरन्स असतो पण पहिले तीन-चार हजार डॉलर आपल्या खिशातून जातात, ते टाळायचं तर दिवसाला तीस-चाळीस डॉलर जास्त भरून ती रक्कम शून्यावर आणता येते. मी म्हटलं एका दिवसासाठी कशाला, ब्राझीलवाली म्हणाली माझी महिनाभराची बचत तेवढी नाहीये, भरूया. भरले. ज्याला जास्त नुकसान परवडत नाही त्याचं ऐकायचं, हा तिथे नियमच होऊन गेला.

अजून ठरलेल्या गोष्टी: खर्च सगळा स्प्लिटवाइज या हिशेबाच्या ॲपवर, ड्रायव्हर म्हणून कुणाला सूट नाही, कुणालाही लघवीला थांबायचं असेल तर लगेच सांगायचं लाजायचं नाही, आणि गाडीत बोलायचं ते इंग्रजीत. हे शेवटचं नर्सताईनेच सुचवलं, कारण आम्ही दोघी मधेच हिंदीवर जायचो आणि ती दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायची.

मी माझ्यापुरतं एक केलं. गाडीचा नंबर, तिघांची नावं आणि परत यायची वेळ बहिणीला पाठवली, आणि पाठवतेय हे त्या तिघांनाही सांगितलं. कुणाला वाईट वाटलं नाही. उलट ब्राझीलवालीने पण लगेच तिच्या आईला तेच पाठवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी घेतली म्हणजे सकाळी ऑफिस उघडायची वाट बघायला नको. छोटी ऑटोमॅटिक, ९५ डॉलर, वर ३५ त्या जादा कव्हरचे. चारी बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवा, टायर आणि काचेवरचे खडे पण. बोटीचं तिकीट रात्रीच ऑनलाइन काढलं, दुपारी सव्वाची फेरी, माणशी १२५ डॉलर. इथे एक सांगते, साडेबारा ते दोनच्या मधल्या बोटींना गर्दी जास्त असते कारण क्वीन्सटाउनचे सगळे कोच त्याच वेळी पोचतात. सकाळची बोट पाहिजे तर आदल्या रात्री टे आनाऊला मुक्काम करायला हवा, आणि दुपारी तीननंतरची घेतली तर परतीचा मोठा भाग अंधारात. आम्ही गर्दी चालेल म्हटलं, अंधार नको.

हवामानाचा अंदाज बघितला तर मिलफर्डला दिवसभर पाऊस. पोराचा चेहरा पडला, म्हणे पुढे ढकलू. हॉस्टेलच्या रिसेप्शनवरची मुलगी हसली आणि म्हणाली की तिकडे वर्षातले निम्मे दिवस पाऊसच असतो, आणि खरं मिलफर्ड पावसातच बघायचं. आकडा नंतर पाहिला, वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. मी साताऱ्याची, पावसाचं कौतुक महाबळेश्वरपर्यंतच ऐकलेलं, हा त्याच्याही वर निघाला. फक्त पावसात जायचं तर रस्ता चालू आहे ना हे रात्री एकदा आणि सकाळी निघताना एकदा सरकारी साइटवर बघायचं. हा रस्ता दरड, पूर, हिमकडे यासाठी बंद करतात आणि ते काही नावापुरतं नसतं, फेब्रुवारी २०२० मध्ये अतिवृष्टीने रस्ता जागोजागी वाहून गेला होता आणि अडकलेल्या पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं होतं. मे ते नोव्हेंबर गेलात तर गाडीत बर्फाच्या साखळ्या बाळगणं सक्तीचं असतं, आम्हाला उन्हाळा असल्याने ती भानगड नव्हती.

पावणेसातला निघालो. अजून उजाडत होतं. पहिला टप्पा वाकाटिपू तलावाच्या काठाकाठाने, एका बाजूला कडा आणि एका बाजूला पाणी, वळणं भरपूर, इथे मी चालवत होते आणि स्टिअरिंगवरचे हात दुखेपर्यंत घट्ट धरले होते. किंग्स्टन गेलं की मग सगळं मोकळं होतं, मेंढ्या, हरणांचे फार्म, सरळ रस्ता, मर्यादा शंभरची. आपल्या लोकांना तिथे डावं-उजवं कळायला त्रास होत नाही, त्रास होतो तो वेगळ्या दोन गोष्टींचा. एक म्हणजे एका गाडीपुरते पूल. पुलाच्या आधी बोर्डवर दोन बाण असतात, आपल्या दिशेचा बाण छोटा आणि लाल असेल तर आपण थांबायचं, समोरचा येऊ द्यायचा, हॉर्न वाजवून घुसायचं नाही. दुसरं म्हणजे मागे गाड्यांची रांग लागली की बाजूला जागा बघून त्यांना पुढे जाऊ द्यायचं असतं, तिथले लोक याबाबतीत फार मनाला लावून घेतात. मी तर इतक्यांना पुढे जाऊ दिलं की नर्सताई म्हणाली, आता थोडं आपण पण जाऊया.

टे आनाऊला नऊला पोचलो. साउथ आयलंडमधला सगळ्यात मोठा तलाव या गावाला लागून आहे. इथे तीन कामं करायचीच. पेट्रोल टाकी फुल, कारण पुढे जाऊन-येऊन २४० किलोमीटरमध्ये पंपावर भरवसा ठेवू नये. नकाशा ऑफलाइन उतरवून घेणे, कारण गाव सोडलं की थोड्याच वेळात मोबाइलची रेंज जाते आणि पुढे तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. आणि खायला काहीतरी घेणे, मिलफर्डला कॅफे आहे पण तिथे पर्याय थोडे. गावातले ‘पाय’ (pie) प्रसिद्ध आहेत, म्हणजे आत भाजी किंवा मटण भरलेले ते खुसखुशीत, शाकाहारी पण मिळतात. पोराने दोन खाल्ले. मग नर्सताई स्टिअरिंगवर बसली.

इथून पुढे वेळेवरून पहिली कुरबुर. पोराला प्रत्येक ठिकाणी उतरायचं, आणि खरं तर त्याचं चूक नव्हतं, एग्लिंटन व्हॅली लागते तिथे दोन्हीकडे उभे डोंगर आणि मधे सपाट पिवळं गवत, कुणालाही उतरावंसं वाटेल. पण बोट सव्वाची आणि वीस मिनिटं आधी काउंटरवर हजर पाहिजे. शेवटी असं ठरलं की जाताना फक्त टॉयलेटला थांबायचं, नॉब्स फ्लॅटला, आणि सगळे फोटोचे स्टॉप येताना. तुम्हीही हेच करा. जाताना घड्याळ आपल्या मानगुटीवर असतं, येताना नसतं.

द डिव्हाइड नावाची खिंड आहे, ५३२ मीटर, सदर्न आल्प्स ओलांडायला यापेक्षा खालची जागा नाही. ती पार केली आणि पाऊस सुरू झाला, म्हणजे थेंब थेंब नाही, थेट बादली. झाडं बदलली, सगळं शेवाळलेलं, आणि थोडं वर चढल्यावर झाडंच संपली आणि समोर काळी भिंत. त्या भिंतीत होमर टनेल.

या बोगद्याबद्दल वाचून मी सगळ्यात जास्त घाबरले होते. १९३५ मध्ये मंदीच्या काळात बेकारांना काम म्हणून सुरू केलेला, सुरुवातीला टिकाव-फावड्याने, मग मधे हिमकडे कोसळून माणसं गेली, मग महायुद्ध, असं करत करत १९५४ मध्ये रस्ता खुला झाला. लांबी सव्वा किलोमीटर, पण तो मिलफर्डच्या दिशेने खाली उतरत जातो, दहाला एक असा उतार, आत कातळ तसाच ओबडधोबड आणि पाणी गळतंय. उन्हाळ्यात दिवसा सिग्नल असतो, एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडतात, थांबायला वीस मिनिटांपर्यंत लागू शकतात, ती धरूनच निघा. आम्ही सतराएक मिनिटं थांबलो असू. तिथे केआ आले. केआ म्हणजे डोंगरातले पोपट, हिरवे, चांगले कोंबडीएवढे, आणि भयंकर आगाऊ. एक बॉनेटवर बसला, एकाने मागच्या काचेचं रबर चोचीत धरून ओढायला सुरुवात केली. खायला घालू नका असे बोर्ड आहेत आणि घालूही नये, माणसाच्या खाण्याने ते मरतात. नर्सताईने काच जराशी खाली करून त्याला मल्याळीत काहीतरी सुनावलं. गाडीत इंग्रजीचा नियम मोडल्याबद्दल तिला दंड म्हणून एक चिक्की द्यावी लागली.

सिग्नल हिरवा झाला, हेडलाइट लावून आत शिरलो, पुढच्या गाडीचे लाल दिवे धरून हळूहळू खाली. कुणीच बोलत नव्हतं. आणि बाहेर पडलो तर, आता हे कसं लिहायचं, बोगद्याच्या त्या तोंडाशी रस्ता एकदम खाली नागमोडी उतरतो आणि चहूकडून कडे वर गेलेले आणि त्या प्रत्येक कड्यावरून पाणी. मोजता येणार नाही इतके धबधबे. काही जाड, काही नुसते दोरे, काही अर्ध्यातच वाऱ्याने उडून परत वर जाणारे. ब्राझीलवाली रडायला लागली. पोरगा जर्मनमध्ये तेच तेच एक वाक्य म्हणत राहिला आणि त्याच्याकडून चिक्की मागायचं कुणाला सुचलं नाही.

हे सगळे धबधबे पावसाचे असतात. कडे कठीण खडकाचे, त्यावर माती जवळजवळ नाहीच, झाडं शेवाळावर आणि एकमेकांच्या मुळांना धरून उभी, त्यामुळे पाणी मुरत नाही, पडलं की लगेच खाली. पाऊस थांबला की थोड्या वेळात आटतात. मोठे, कायमचे असे मुख्य फियॉर्डमध्ये, म्हणजे त्या खाडीत, दोनच, लेडी बोवेन आणि स्टर्लिंग. त्यामुळे अंदाजात पाऊस दिसला म्हणून ट्रिप रद्द करणार असाल तर करू नका. रस्ता बंद असेल तर गोष्ट वेगळी.

बारा वीसला पोचलो. पार्किंगला तासावर पैसे, गाडीचा नंबर मशीनमध्ये टाकून, आमचे तीस डॉलर गेले, लांबच्या पार्किंगमधून चालत येता येतं पण त्या पावसात नको वाटलं. टर्मिनलवर फोनमधलं तिकीट दाखवून पास घेतला. रेनकोट घेऊन जा, छत्रीचा तिथे काही उपयोग नाही. मी सिंहगडावर वापरते तो साधाच घेतला होता, बरोबर एक जादा पायजमा आणि मोजे, आणि ते जादा मोजे हा त्या दिवसाचा माझा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय.

बोट दोन तासांना थोडी कमी. आत कोरडं, गरम, चहा-कॉफी. पण आत बसायचं नाही. फियॉर्ड म्हणजे हिमनदीने खोदलेली दरी आणि बर्फ वितळल्यावर तिच्यात समुद्र शिरलेला, त्यामुळे किनारा असा नाहीच, कडा सरळ पाण्यात जातो आणि तसाच खाली जात राहतो, बोट कड्याला हात लागेल इतकी जवळ नेता येते ती त्यामुळेच. मायटर पीक साधारण १,७०० मीटर, थेट पाण्यातून उभा. आम्हाला त्याचं डोकं मधूनमधून ढगातून दिसलं, पूर्ण कधी नाही. पोरगा पोस्टकार्डवरचा फोटो आणि समोरचा ढग आलटून पालटून बघत होता, मला मात्र ढगातलंच आवडलं.

माइकवर सांगणारा माणूस चांगला होता. पाऊस आणि जंगलातून आलेलं गोडं पाणी समुद्राच्या पाण्यावर थर करून राहतं, आणि ते पानांच्या अर्काने चहासारखं तपकिरी झालेलं असतं, त्यामुळे खाली उजेड कमी पोचतो आणि एरवी खूप खोल समुद्रात सापडणारं काळं पोवळं इथे बरंच वर वाढतं. बाहेरून, टास्मान समुद्रातून, फियॉर्डचं तोंड दिसतच नाही, डोंगर एकमेकांवर झाकून येतात, कॅप्टन कुक इथून गेला पण आत आला नाही. आम्ही त्या तोंडापर्यंत गेलो, तिथे मात्र बोट बऱ्यापैकी हलते, ज्यांना लागतं त्यांनी निघायच्या आधी गोळी घ्यावी. ब्राझीलवालीला लागलं. नर्सताईच्या पिशवीत गोळी होती, आलेपाक होता आणि ओला रुमाल होता, मला वाटतं त्या पिशवीत ऑक्सिजन सिलिंडर पण निघाला असता. तिनेच सांगितलं की न्यूझीलंडमध्ये अपघाताने दुखापत झाली तर पर्यटकाचाही उपचाराचा बराच खर्च सरकारी योजनेतून होतो, आजारपणाचा मात्र नाही, म्हणून ट्रॅव्हल इन्शुरन्स तरीही घ्यायचाच.

परतताना खडकावर सील पसरलेले, पावसाशी काही देणंघेणं नसल्यासारखे. डॉल्फिन नाही दिसले. मग स्टर्लिंग फॉल्स, दीडशे मीटरच्या वरून पडतो, आणि कॅप्टनने बोटीचं तोंड सरळ त्याच्या खाली घातलं. पुढच्या डेकवर आम्ही चौघं आणि एक चिनी आजोबा, बाकी सगळे आत पळाले. श्वास घेता येईना इतका वारा आणि पाणी. हे पाणी तोंडावर घेतलं की दहा वर्षांनी तरुण होता असं ते माइकवर सांगतात, रोज सांगत असणार. पोरगा म्हणाला मग मी नऊचा झालो, मला सीटबेल्टऐवजी चाइल्ड सीट लागेल.

तीनला उतरलो. पाऊस जरा थांबला आणि त्याबरोबर सँडफ्लाय आल्या. चिलटाएवढ्या काळ्या माश्या, चावल्या की डासापेक्षा वाईट, खाज आठवडाभर. जोराच्या पावसात नसतात, पाऊस उघडला की हजर. माओरी लोकांच्या कथेत आहे की ही जागा इतकी सुंदर झाली की माणसं इथून हलणारच नाहीत म्हणून देवीने या माश्या सोडल्या. सोडल्या त्या बरोबर काम करतायत. पाय झाकणारी पँट घाला, मलम घोट्याला पण लावा. आम्ही गाडीत बसून दारं लावून उरलेले धपाटे आणि चटणी खाल्ली.

परतीला सगळे स्टॉप घेतले. मंकी क्रीकला लोक ओढ्याचं पाणी बाटलीत भरून घेतात, पण पावसानंतर नर्सताईने कुणाला पिऊ दिलं नाही. मिरर लेक्सला नावाची पाटी मुद्दाम उलटी लिहिलेली आहे, म्हणजे पाण्यातल्या प्रतिबिंबात ती सरळ वाचता यावी. आम्ही गेलो तेव्हा वाऱ्याने पाणी हलत होतं, त्यामुळे नुसतीच एक उलटी पाटी. आम्ही तिचा फोटो काढला आणि फोन फिरवून वाचली.

टे आनाऊला सव्वासहाला परत, रेंज आल्यावर सगळ्यात आधी बहिणीला मेसेज. गरम सूप, अर्धा तास पाय लांब करून बसलो. इथे दमणुकीबद्दल खरं सांगायचं तर शेवटचे दोन तास जड जातात. डोळे मिटत नाहीत पण लक्ष उडतं. दर तासाला ड्रायव्हर बदलायचा आणि पुढच्या सीटवर बसणाऱ्याने झोपायचं नाही, बोलत राहायचं, असं केलं. पोराने मला जर्मनमधले आकडे शिकवले, मी त्याला पावकी-निमकी सांगितली, ती त्याला अजिबात खरी वाटेना. तलावाकाठची वळणं आली तोवर दिवस मावळला होता, तो भाग नर्सताईने चालवला, मी आपणहून चावी दिली. सव्वानऊला हॉस्टेल.

सकाळी टाकी भरून गाडी परत केली, पेट्रोल एकूण ११० डॉलर. काउंटरवरचा माणूस गाडीभोवती फिरला, मागच्या काचेपाशी वाकला, कुरतडलेलं रबर बोटाने वर उचललं आणि एवढंच म्हणाला, केआ? आम्ही हो म्हटलं. त्याने फॉर्मवर काहीतरी खूण केली, जादा कव्हर होतं त्यामुळे काही भरावं लागलं नाही, आणि ब्राझीलवालीने माझ्याकडे जे बघितलं ते मी इथे लिहीत नाही.

हिशेब असा: गाडी, कव्हर, पेट्रोल आणि पार्किंग मिळून २७०, म्हणजे माणशी साडेसदुसष्ट, बोट १२५, खाणं वीसेक. सव्वादोनशेच्या आतबाहेर, म्हणजे कोचपेक्षा पैसे वाचले असं काही म्हणता येणार नाही. दोघंच असाल तर गाडी कोचपेक्षा महाग पडेल, आणि ड्रायव्हर एकच असेल तर मी म्हणेन कोचच घ्या. पोराचे माझ्याकडे यायचे पैसे त्याच दिवशी दुपारी आले, नर्सताई एकच्या बसने इन्व्हरकार्गिलला गेली, ब्राझीलवाली कामावर. बोटीबद्दल, गाडीबद्दल किंवा धपाटे विमानतळावरून नेता येतात का याबद्दल कुणाला विचारायचं असेल तर विचारा. शेवटच्याचं उत्तर: लिहून दाखवा, मग ते ठरवतील.